पडद्यावरची करडी भिंत

१

सुश्रुतच्या डोक्यात घातलेला ठोकळा आठ किलोचा होता. सिमेंट-काँक्रीटचा, सहा इंच लांब, सहा इंच रुंद, सहा इंच उंच. बांधकामाचा माल पक्का आहे की नाही हे तपासायला असे ठोकळे ओततात आणि महिन्याभराने यंत्रात घालून फोडतात. आर्किटेक्ट शामकांत गर्गे यांच्या सावेडीतल्या ऑफिसात असा एक न फोडलेला ठोकळा होता. आतल्या खोलीचं दार आपटू नये म्हणून तो दाराशी टेकवून ठेवत.

फौजदार भीमराज साळवे साडेचारला पोचला तेव्हा ठोकळा टेबलाखाली होता आणि त्याच्या एका कोपऱ्याला केस चिकटले होते. घाव एक नव्हता. तीन होते, कदाचित चार. पहिल्यानेच काम भागलं असणार. बरोबरचा हवालदार, ज्याने रुळावरची प्रेतं गोळा करण्यात जन्म घालवला, तोही बाहेर जाऊन पायरीवर बसला.

प्रेत खुर्चीतून ओढून खिडकीखाली सारलेलं होतं. फरशीवर रक्ताचा पट्टा उमटला होता. खुर्ची मात्र पुन्हा टेबलाशी नीट लावलेली, आणि कीबोर्ड पुसलेला. म्हणजे मारणारा पळाला नव्हता. तो मेलेल्याच्या खुर्चीत बसला होता आणि त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी काम केलं होतं. भीमराजच्या अंगावर काटा आला तो रक्त बघून नव्हे, ती नीट लावलेली खुर्ची बघून.

कॉम्प्युटर चालूच होता. पडद्यावर एक करडी भिंत होती. बाकी काही नाही. भिंतीच्या अगदी माथ्यावर एक गोलसर पट्टी बाहेर आलेली दिसत होती. भीमराजने पेन्सिलीच्या टोकाने वरच्या बाणाचं बटन दाबलं. भिंत जवळ जवळ आली आणि थांबली. पुढे जाता येईना.

"ते वॉक-थ्रू हाय, साहेब," दारातून आवाज आला. "नकाशातल्या इमारतीत चालल्यासारखं दिसतं. सुश्रुतदादांनी बनवलं."

बोलणारा नितीन, ऑफिसातला ड्राफ्ट्समन, तिशीचा. शर्ट रक्ताने माखलेला, दोन शिपायांनी दोन्ही दंड धरलेले.

"मी चारला आलो तर हे असं," तो म्हणाला. "उचलायला गेलो. काय करत हुतो मलाच कळंना. नुसता वरडत हुतो. इंदूताई जिन्यावरनं पळत आल्या, मला बाजूला ओढलं. त्यांच्या केसातलं पाणी मानंवर पडलं तवा कुठं मी भानावर आलो."

"त्याआधी कुठे होतास?"

"आईला स्टँडवर सोडाय गेल्तो. तीनची काष्टीची गाडी. मग चालत आलो."

"साक्षीदार?"

"आई."

तेवढ्यात ठाण्याचे मोठे साहेब आत आले. त्यांनी प्रेताकडे एकदा आणि नितीनच्या शर्टाकडे एकदा पाहिलं. तेवढ्यावर त्यांचा तपास पुरा झाला.

"काष्टीला फेब्रुवारीत मंगल कार्यालयाचा स्लॅब पडला. चार मेले. त्यात याचा बाप, जालिंदर गवंडी. नकाशा या मेलेल्या पोराच्या हातचा. हा कॉम्प्युटर या ऑफिसात दोघांनाच चालवता येतो, एक मेला, एक हा उभा आहे. आणखी काय पाहिजे?" ते भीमराजच्या कानाशी आले. "साळवे, तुमच्यातला आहे म्हणून हात हलका ठेवू नका."

बावीस वर्षांत हे वाक्य भीमराजने इतक्या वेळा गिळलं होतं की आता त्याची चवही कळत नसे.

शिपायाने नितीनच्या कानशिलात दिली, मग दुसरी. जीपमध्ये कोंबताना नितीन ओरडला, "उद्या चौकशी समिती येनार हाय, साहेब! सुश्रुतदादा उद्या खरं सांगनार हुता! कुनाला तरी ते नको हुतं!"

२

गर्गे वरच्या मजल्यावर राहत. घर स्वच्छ इतकं, की पाय ठेवायला संकोच वाटावा. जागोजाग चिठ्ठ्या चिकटवलेल्या. 'चपला बाहेर.' 'नळ घट्ट बंद करावा.' 'पंखा बंद केला का?' अक्षर गोल, टपोरं, फळ्यावरचं. इंदूताई गर्गे सव्वीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओल्या केसांची गाठ मारलेली, डोळे कोरडे.

"माझा सख्खा भाचा," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांचा होता तेव्हा भाऊ-वहिनी घाटात गेले. मीच वाढवला. आत्या म्हणायचा, पण आईच मी."

"दुपारी कुठे होता तुम्ही?"

"इथेच. झोपले होते. नितीन ओरडला तेव्हा जाग आली. खाली गेले, पाहिलं, वर येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. आमच्यात मेल्याची बातमी कळली की घेतात."

"ऑफिसचं काम बघता?"

"कपाटं लावते, चहा देते. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही."

शामकांत गर्गे दुपारभर शेवगावला बाजार समितीच्या बैठकीत होते. वीस माणसं साक्षीला. पुरता खचलेला माणूस.

"सुश्रुत मेला हे बरं झालं असंही लोक म्हणतील," ते म्हणाले. "सगळे आमच्यावर चिखल उडवतायत. वास्तविक नकाशात हॉलच्या मधोमध दोन खांब आहेत. काँट्रॅक्टर सूर्यभानने ते उभेच केले नाहीत. वर त्या जालिंदर गवंड्याने स्लॅबखालचे टेकू दोन दिवस आधी काढले. मी समितीला तसं लिहून दिलंय."

हे बोलणं संपतंय तोच खाली फाटक करकरलं आणि काच फुटली.

"गर्ग्या! खाली ये! खांब दाव मला, भाडखाव! कुठं हुतं खांब?"

काँट्रॅक्टर सूर्यभान फाटकातून आत घुसला होता. सव्वासहा फूट उंच, हातात अंगठ्याएवढी जाड सळई. पहिल्या फटक्यात त्याने मोटारीची काच फोडली, दुसऱ्यात पाटी. शामकांत जिन्यात आले तसा तो सळई उगारून धावला. भीमराज मध्ये पडला. फटका त्याच्या खांद्यावर बसला, हात कोपरापर्यंत बधिर झाला. पडता पडता त्याने सूर्यभानच्या गुडघ्यात लाथ घातली. दोघं फरशीवर आदळले, आणि भीमराजने त्याच्या गळ्यावर गुडघा ठेवला.

"पोराला तूच मारलंस?"

"आरं हाट!" सूर्यभानच्या नाकातून रक्त वाहत होतं. "पोराला मारून मी काय करू? तेच एक खरं बोलत हुतं! दुपारी एकला आल्तो मी. मला म्हनलं, सूर्यभानराव, उद्या या, समितीसमोर सगळं दावतो. नकाशात खांब नव्हतंच, फौजदारसाहेब! हॉल मोकळा पायजेल म्हनून ह्यानंच काढलं. स्लॅब पडल्यावर नकाशात परत घुसवलं!"

"तुझ्याकडे जुना नकाशा असेल ना?"

"हुता की. दुर्घटनेच्या दुसऱ्या दिशी ह्याची बायको आली. म्हनली, समितीला द्यायचंत, समदे नकाशे द्या. मी येड्यावानी दिलं. त्येंची राख झाली आसंल!"

भीमराजने मान वर करून जिन्याकडे पाहिलं. शामकांत कठड्याला धरून उभे होते. त्यांच्यामागे इंदूताई, एक हात नवऱ्याच्या पाठीवर. त्या सूर्यभानकडे बघत नव्हत्या. त्या ऑफिसच्या बंद दाराकडे बघत होत्या.

३

सकाळी भीमराज ठाण्यावर आला तेव्हा नितीनच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली होती.

त्याला पाय टेकवत नव्हते, तळव्यांवर पट्टा चालला होता. ओठ फाटलेला, एक डोळा बंद. कोपऱ्यात बसलेला शिपाई बाटलीतलं पाणी पीत होता, दमल्यासारखा.

"ड्राफ्ट्समनचा हात तो," भीमराज म्हणाला. स्वतःचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "उजवाच मोडायला पाहिजे होता का?"

"साहेबांचा हुकूम."

साहेब बाहेरच होते. "पाचला कोर्टात उभा करायचाय. त्याआधी कागदावर सही पाहिजे. उजव्याने जमत नसेल तर डाव्याने करील. संध्याकाळच्या बातम्यांना आरोपी कबूल झाल्याचं गेलं पाहिजे. तुम्हाला काही सुचत असेल तर पाचच्या आत सुचवा, साळवे. पाचनंतर माझ्या हातात काही नाही."

पाच वाजायला सात तास होते. आणि शिपाई बाटलीचं बूच लावून उठत होता.

भीमराज नितीनपाशी उकिडवा बसला. "काय दाखवणार होता सुश्रुत समितीला?"

नितीनने उघड्या डोळ्याने त्याला न्याहाळलं. मार खाऊन खाऊन माणूस एक तर सगळं बोलतो नाहीतर काहीच बोलत नाही. नितीन काहीच बोलणार नव्हता. वर्दीसमोर तर नाहीच.

"बरं, हे सांग," भीमराजने विचारलं. "काल आतल्या खोलीतलं ते वॉक-थ्रू कसं तयार होतं?"

"नकाशा एका सॉफ्टवेअरात काढायचा," नितीन अडखळत म्हणाला. धंद्याचं बोलायला त्याची हरकत नव्हती. "मग एक्स्पोर्ट करून दुसऱ्यात न्यायचा. एकदा एक्स्पोर्ट केला की ती फाईल सुटी. मूळ नकाशात नंतर काय बी बदला, तिच्यात बदल होत न्हाई. परत एक्स्पोर्ट करावा लागतो."

भीमराज झटकन उठला. मूळ नकाशात खांब घुसवले होते. पण त्याआधी एक्स्पोर्ट झालेली फाईल कुठेतरी असली, तर तिच्यात हॉल मोकळाच राहिला असणार.

"ती जुनी फाईल कुठे आहे?"

नितीनचा उघडा डोळा क्षणभर खिडकीकडे गेला. खिडकीबाहेर, ठाण्याच्या फाटकाशी, एक बाई मातीत बसली होती. मांडीवर रेक्झिनची जुनी पिशवी.

४

चांगुणाबाई पहाटेच्या गाडीने काष्टीहून आली होती. फाटकावरच्या शिपायाने तिला तीनदा हाकललं होतं आणि ती तीनदा परत येऊन तिथेच बसली होती.

"मावशी, पिशवीत काय आहे?"

"माज्या मालकाची हाय." तिने पिशवी पोटाशी धरली. "मारायचं तर मलाबी मारा. पिशवी न्हाई द्यायची."

भीमराज तिच्यासमोर मातीतच बसला. फाटकावरचा शिपाई बघतच राहिला.

"माझा बाप शेवगावचा गवंडी होता, मावशी. बारा वर्षांचा होईपर्यंत मी त्याच्या हाताखाली विटा वाहिल्या. ती वर डोकावतेय ती थापी तेवढी बघू द्या. मग परत करतो."

तिने त्याचे मातीत टेकलेले हात बघितले. मग पिशवीतून थापी काढून पुढे केली. लाकडी मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली, पातं एका अंगाने झिजून पातळ झालेलं. भीमराजने ती फिरवून पाहिली.

"उजव्या अंगाने झिजलीय. तुमचे मालक डावखुरे होते."

चांगुणाबाईच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी गळायला लागलं. दोन महिने तिने लोकांकडून जालिंदरने टेकू आधी काढले, जालिंदरने चार जीव घेतले, एवढंच ऐकलं होतं. त्याचा हात कसा होता हे कुणी बोललं नव्हतं.

"त्यांनी टेकू आधी काढलं न्हाईत, दादा," ती म्हणाली. "ठरल्या दिसापतूर टेकू जाग्यावरच हुते, त्या दिशी काढाय घेतले नि समदं खाली आलं. त्यांच्या अंगावर टेकूच पडलेवते की. ते कसं पडलंवते ते म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. कुनी ऐकत न्हाई. गवंड्याच्या बायकोचं कोन ऐकतंय?"

मग तिने पिशवीत तळाशी हात घातला. ओळंब्याखाली, प्लॅस्टिकच्या कागदात चार पदरी गुंडाळलेल्या, दोन फ्लॉप्या होत्या.

"सुश्रुतदादांनी पोराला दिल्या. जीव गेला तरी कुनाला देऊ नको म्हनला हुता पोरगा." तिने त्या भीमराजच्या तळहातावर ठेवल्या. "जीव जायची येळ आलीच हाय. घ्या."

५

फ्लॉप्या बघितल्यावर नितीनने रश्मीचं नाव सांगितलं. ती दिल्लीगेटजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवत असे. त्याआधी दोन वर्षं तिने गर्ग्यांकडेच नोकरी केली होती. सुश्रुत गेल्याचं कळल्यावर तिने क्लास बंद ठेवला होता. रडून डोळे सुजले होते, पण फ्लॉप्या पाहताच तिने नाक पुसलं आणि कॉम्प्युटर चालू केला.

पडद्यावर अंगण उघडलं. समोर तीन पायऱ्या, पायऱ्यांवर दार. रश्मीने बाण दाबला. पायऱ्या चढून ते दोघं आत गेले आणि समोर हॉल पसरला, एवढा मोठा, एवढा मोकळा, की भीमराज खांब शोधू लागला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खांब म्हणून नव्हता. गवंड्याच्या पोराला गणित कळत नाही, पण एवढा स्लॅब नुसत्या भिंतींवर तोलत नाही हे कळतं.

"फाईलची तारीख?"

"जानेवारीची. स्लॅब पडण्याच्या पाच आठवडे आधीची."

"आता ऑफिसात चला. तिथे दुसरी एक फाईल आहे. कालची."

ऑफिसचं सील तोडून ते आत गेले. फरशी अजून धुतली नव्हती. रश्मीने तोंडाला पदर लावला, पण ती खुर्चीत बसली. फाईल उघडली. तीच करडी भिंत.

"दोन चाळीसला एक्स्पोर्ट झालीय," ती म्हणाली. "जुनीच्या जागी हीच ठेवली. पण हे काय आहे? असली भिंत या इमारतीत कुठेच नाही."

भीमराज पडद्याजवळ वाकला. माथ्यावरची ती गोल पट्टी. काल ती त्याच्या नजरेत खुपली होती आणि का ते उमगलं नव्हतं. भिंतीला अशी पट्टी कुणी काढत नाही. बापाच्या हाताखाली त्याने अशा पट्ट्या ओल्या सिमेंटात बोटाने घोटल्या होत्या, शेकड्यांनी. पायाला टोचू नये म्हणून.

"ही भिंत नाही," तो म्हणाला. "पायरी आहे."

रश्मीने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. मग तिने कपाळावर हात मारला.

"अगं बाई! स्केल!" ती भराभरा बोलू लागली. "आम्ही नकाशा इंचात काढतो. हे सॉफ्टवेअर मीटर समजतं. सहा इंचाची पायरी नकाशात सहा असते. तशीच एक्स्पोर्ट केली तर इथे सहा मीटर होते. वीस फूट! समोर उभा असलेला माणूस मुंगी होतो. ही अंगणातली पहिली पायरी आहे, साहेब. चढताच येणार नाही."

"मग तुम्ही नेहमी काय करता?"

"आधी नकाशाची प्रत काढून ती चाळीसपट लहान करायची. सुश्रुत, मी, नितीन, तिघंही. ते आम्ही न बोलता करायचो, चप्पल काढून घरात शिरावं तसं. नितीन मेला तरी हे विसरणार नाही. त्याने अशी शंभर एक्स्पोर्ट केलीत."

"म्हणजे ज्याने केलं त्याला एक्स्पोर्ट कसं करायचं ते ठाऊक होतं," भीमराज सावकाश म्हणाला, "पण तुमची न बोललेली पायरी ठाऊक नव्हती."

दोघांची नजर एकदमच मॉनिटरच्या कडेला गेली. तिथे एक चिठ्ठी चिकटवलेली होती. एक ते सहा आकडे, प्रत्येकापुढे एक सूचना. फाईल उघडा. इथे दाबा. नाव द्या. सहाही पायऱ्या बिनचूक. लहान करण्याची मात्र नव्हती. अक्षर गोल, टपोरं, फळ्यावरचं.

"मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे," मागून आवाज आला. "सुश्रुत करत होता, मी बघून लिहून घेतलं. तेवढं एक तो बोलला नाही."

६

इंदूताई दारात उभ्या होत्या. हातात कागद कापायचं लांब पातं. चेहरा शांत, परीक्षेच्या हॉलमधल्या मास्तरीणबाईसारखा.

"पातं खाली ठेवा, ताई."

"आधी त्या फ्लॉप्या."

"काल तुम्ही मला सांगितलंत, नितीन ओरडला, तुम्ही खाली आलात, मग वर जाऊन अंघोळ केलीत," भीमराज त्यांच्याशी बोलत रश्मीच्या आणि दाराच्या मध्ये सरकला. "पण तुम्ही जिन्यावरून आलात तेव्हाच केसांतून पाणी गळत होतं. नितीनच्या मानेवर पडलं. मेल्याची बातमी कळायच्या आधीच तुम्ही डोक्यावरून पाणी घेतलं होतंत. कारण ती बातमी तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळली होती."

इंदूताईंचा मोकळा हात केसांच्या गाठीकडे गेला.

"त्याच्या रक्तात हात घालून त्याला खुर्चीतून ओढलंत. त्याच्या जागेवर बसून, चिठ्ठी बघत, एक ते सहा. खांबवाला नकाशा जुन्या फाईलवर चढवलात. मग उघडून खात्रीही केलीत. पडद्यावर काहीतरी करडं, उभं, भक्कम दिसलं. तुम्हाला तो खांब वाटला. हो ना?"

"खांबच होता तो," त्या पुटपुटल्या.

"पायरी होती. चढून वर गेला असतात तर कळलं असतं."

त्या धावून आल्या. रोख त्याच्याकडे नव्हता, रश्मीच्या हातातल्या फ्लॉप्यांकडे होता. भीमराजने पातं उघड्या पंजाने धरलं. ते तळहातात शिरलं, हाडावर अडलं. त्याच्या तोंडून किंकाळी फुटली पण मूठ सुटली नाही. बावन्न वर्षांची ती बाई अशा जोराने ओढत होती की दोघं टेबलावर आदळले, मॉनिटर डुगडुगला, आणि रक्त कीबोर्डवर सांडलं. दुसऱ्या हाताने तिने त्याचे केस धरले होते. शेवटी रश्मीनेच खुर्ची उचलून तिच्या दंडावर हाणली. पातं खणकन खाली पडलं.

आवाज ऐकून शामकांत जिन्यावरून धावत आले आणि दारातच थांबले.

"इंदू... तू?"

"मग कोण?" ती किंचाळली. "तो समितीला दाखवणार होता! मी पाया पडले त्याच्या. आत्याच्या पाया पडू देतोस, म्हटलं. तो म्हणाला, आत्या, चार माणसं मेलीत. चार! सव्वीस वर्षं मी डबे भरले, याला मोठा केला, तुमचं नाव उभं केलं, आणि हा तुम्हालाच चार माणसांपायी तुरुंगात घालायला निघाला! तो पुन्हा पडद्याकडे वळला. माझ्याकडे पाठ केली त्याने." तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "पहिल्यांदा मारलं तेव्हा तो 'आत्या' म्हणाला. म्हणून पुन्हा मारलं. त्याने गप्प बसावं म्हणून."

शामकांत मटकन खाली बसले, त्या न धुतलेल्या फरशीवरच. मग ते भीमराजकडे बघून म्हणाले, "हॉलमधले खांब मीच काढले. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं होतं. लिहून घ्या."

भीमराजने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. सव्वाचार वाजले होते.

७

पाचला पाच मिनिटं असताना जीप ठाण्याच्या आवारात शिरली. मोठे साहेब नितीनच्या डाव्या हातात पेन देत होते. भीमराजने रक्ताने भिजलेल्या रुमालात गुंडाळलेला हात त्या कागदावर ठेवला आणि कागद वाया गेला.

"हे मी वरपर्यंत लिहिणार आहे, साहेब," तो म्हणाला. "बोटं मोडल्याचंही."

टोपी उचलून साहेब आत गेले.

खुनामुळे पुढे ढकललेली चौकशी समिती आठ दिवसांनी बसली. आदल्या दिवशी चांगुणाबाई रश्मीच्या क्लासात आली. बरोबर नितीन, हाताला प्लॅस्टर. भीमराजही आला होता, कुणी बोलावलं नसताना.

"मला बी दावा," ती म्हणाली. "ते कुठं हुते ते."

रश्मीने फाईल उघडली. अंगण, तीन पायऱ्या, दार. नितीनला माऊस धरता येईना, म्हणून त्याने आईचं बोट बाणावर ठेवलं. "दाब, आई. तूच चाल."

ती दाबत गेली. चुनखडीने फुटलेलं बोट, एकेक दाब मोजून. पायऱ्या चढली. हॉलमध्ये आली. मधोमध नितीन म्हणाला, "इथं."

ती थांबली. तिने चारी बाजूंना बघितल्यासारखं केलं, जणू पडद्याबाहेरही तो हॉल होता.

"खांब न्हाई."

"न्हाई, आई. कधीच नव्हता."

"मंग त्यांचा हात चुकला नव्हता," ती म्हणाली. तेवढंच. भीमराजने मान फिरवली. त्याला ठाऊक होतं की आपला बाप असता तर हे ऐकून मुंडासं काढून उभा राहिला असता.

तिने विचारलं, "मागं कसं यायचं?" नितीनने खालचा बाण दाखवला. ती पाठ न फिरवता, नजर त्या मधल्या जागेवर ठेवून, एकेक दाबत मागे येऊ लागली. कुणी घाई केली नाही. दार आलं. तीन पायऱ्या आल्या, सहा-सहा इंचांच्या, माणसाच्या पायाला बेताच्या. त्या ती एकेक करून उतरली. अंगणात आल्यावर तिने बोट उचललं आणि पदराने पडदा पुसला.

"आता बंद करा," ती म्हणाली. "त्येंना बाहीर आनलंय."